आला म्हटलं की उठायचं

किस्से ऑफिसातच साठतात असं मला वाटायचं. चहाच्या मशीनपाशी, लिफ्टमध्ये, डबे उघडताना. आमचं ऑफिस वापीला होतं तोवर ते खरंही होतं. मग सगळ्यांना घरी बसवलं आणि मी म्हटलं, संपलं, आता कसले किस्से! जो तो आपापल्या घरात, आपापल्या भिंतीसमोर. झालं भलतंच. घरून काम सुरू झाल्यापासून इतके किस्से साठलेत की ऑफिसातले त्यांच्यापुढे पाणचट वाटतात. फरक एवढाच की ऑफिसातले आम्ही हसत सांगायचो. हे सांगायला लागलो की प्रत्येकजण आधी दाराकडे बघून घेतो.

काम आमचं साधं. एका कंपनीचा फ्रिज किंवा वॉशिंग मशीन बिघडलं की लोक ज्या नंबरवर चिडून फोन करतात, त्या नंबरवर आम्ही असतो. मराठी, गुजराती, हिंदी, समोरून येईल ती भाषा. डहाणू-तलासरीच्या माणसाला तिन्ही येतात, म्हणून तर आम्हाला घेतलं. आम्ही चौघं. समुद्रकाठचा नितेश, गंजाडचा संदीप, उधव्याची वनिता आणि आशागडला मी. मी टीम लीडर, म्हणजे वरून आणि खालून, दोन्हीकडून ऐकून घेणारी. आमची चौघांची मीटिंग लॅपटॉपवर दिवसभर उघडी असते, फोन वेगळे चालतात. एकमेकांचे चेहरे सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर. इतकं तर मी माझ्या नवऱ्यालाही बघत नाही.

दिवाळीनंतर नवे साहेब आले, देसाई सर. बसतात मुंबईला, आम्ही त्यांना फक्त स्क्रीनवर बघितलेलं. त्यांनी मला काम लावलं. घरून काम करण्याचे फायदे लिहून द्या, कर्मचाऱ्यांचे वेगळे, कंपनीचे वेगळे. पटले तर बघू, नाहीतर पहिल्या तारखेपासून सगळे वापीला. मी लिहायला बसले. पण एक फायदा लिहिला की त्याच्या मागून एक किस्सा डोकं वर काढायचा, आणि तो साहेबांना कळवण्यासारखा नसायचा.

*

कंपनीचा पहिला फायदा मी लिहिला तो हजेरीचा. घरून काम करणारा माणूस जागेवरून हलत नाही. पुरावा म्हणून माझ्यासमोर संदीप होता.

कंपनीने एक सॉफ्टवेअर बसवलंय. कीबोर्डवर हात चालू असला की नावापुढे हिरवा दिवा, थांबला की पिवळा. संदीपचा दिवा कायम हिरवा. जेवणाच्या वेळेलाही हिरवा. भात लावणीच्या दिवसांत मी बघते तर कॅमेऱ्यात खुर्ची रिकामी आणि दिवा हिरवा. फोन लावला तर पठ्ठ्या गुडघाभर चिखलात. म्हटलं, मग कीबोर्डवर कोण आहे? तर म्हणे कोंबडी. तो टेबलावर भाकरी खातो, तेव्हा कीबोर्डात पडलेला चुरा ती टिपत असते.

मी त्याला झाप झाप झापलं. कीबोर्ड पुसायला लावला. कोंबडीचंही पुढे काही राहिलं नाही, लावणी उरकल्यावर घरच्यांनी ती गावदेवाला दिली. रविवारी सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. संदीपने आम्हाला फोटोसुद्धा पाठवला, रश्शाचा.

सोमवारी संदीप तापाने अंथरुणात. लॅपटॉप टेबलावर उघडा, खोलीत कोणी नाही. दिवा हिरवा.

मी त्याच्या आईला फोन करून लॅपटॉप बंद करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "करते. पण आधी जरा दाणे टाकते."

*

दुसरा फायदा भाड्याचा. वापीला आमचा अख्खा मजला कंपनीने रिकामा केला. लाईट नाही, एसी नाही, चहा नाही. केवढी बचत!

नितेशचा हेडफोन बिघडला तेव्हा मी त्याला सांगितलं, मजल्यावर जुने पडलेत, एक घेऊन ये. तो भर दुपारी गेला. वॉचमन जुनाच होता, नितेशला बघून त्याने सलाम केला आणि गुजरातीत विचारलं, आज उशीर का? नितेश म्हणाला, काका, मी इथे दोन वर्षांनी येतोय. वॉचमन हसायला लागला. कालच तर सकाळी बघितला तुला, म्हणाला, खिडकीच्या खुर्चीत. हात केला तर बघितलंसुद्धा नाहीस, फोनवर होतास.

खिडकीजवळची खुर्ची नितेशचीच होती. तो हेडफोन न घेताच परत आला.

मी त्याला समजावलं की वॉचमनचे डोळे अधू झालेत, वय झालं. त्याने ऐकून घेतलं. पण वापीला परत जायचा विषय निघाला की तो एकच सांगतो, "मॅडम, ऑफिसला माझ्यातर्फे एक जण जातोय. मी गेलो तर त्याने बसायचं कुठे?"

*

याच नितेशवर माझी एक तक्रार होती. नियम असा की पहिल्या रिंगला फोन उचलायचा. वापीला तो पहिल्याच रिंगला उचलायचा, शाबासकी मिळवायचा. घरून काम सुरू झाल्यावर मात्र तिसरी रिंग झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मी विचारलं तर लाजला. मग म्हणाला, आमच्याकडे घरात असताना पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्याही नाही. समुद्राच्या बाजूने कोण हाक मारतंय ते कळत नाही ना, माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारेल. आईची सक्त ताकीद.

मी म्हटलं, अरे बाबा, ही हाक नव्हे, सांगलीच्या बाईचा फ्रिज आहे. तो म्हणाला, ऑफिसात ठीक होतं, ते घर नव्हतं.

माझा स्वभाव फटकळ. मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं की उद्यापासून पहिल्या रिंगला उचलायचं, नाहीतर मी वर कळवणार. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे वीज नव्हती म्हणून तो गंजाडला संदीपच्या घरी जाऊन बसला. पहिला फोन आला, त्याने पहिल्या रिंगला उचलला. पलीकडे कोणी बोललं नाही. त्याने पुन्हा पुन्हा नमस्कार केला, मग ठेवून दिला.

कॉल तपासायचं काम माझं. संध्याकाळी तो मी ऐकला. नितेशच्या आवाजामागे आणि आवाजापुढे फक्त लाटा होत्या. भरतीच्या, किनाऱ्याला आपटणाऱ्या. मी म्हटलं, हं, खिडकी उघडी ठेवली असेल. आणि मग मला आठवलं की गंजाडहून समुद्र दिसतही नाही, ऐकूही येत नाही.

आता आमच्या टीमला तिसऱ्या रिंगची सूट आहे. ती मी दिली.

*

कर्मचाऱ्यांच्या फायद्यांत मी लिहिलं, घरच्यांचा आधार. हे वनितासाठी.

आमच्याकडे जमीन हलते. डहाणू-तलासरीच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. आधी जमिनीखाली गुडगुड, मग धक्का. कधी भांडी वाजण्याइतका, कधी भिंतीला भेग पाडण्याइतका. मध्ये महिनोन्महिने काही नसतं आणि आपण विसरलो की येतो. एक काळ असा होता की लोक भीतीने अंगणात झोपायचे.

उधव्याला वनिताचं घर दोन भागांचं. पुढे सिमेंटची नवी खोली, मागे शेणाने सारवलेलं जुनं कुडाचं घर. वनिता कामाला मागच्या घरात बसायची, कारण सासूने नव्या खोलीत बसू दिलं नाही. म्हातारीचं म्हणणं, "सिमीटाचं घर पडतं, कुडाचं डोलतं." स्क्रीनवर वनिताच्या मागे आम्हाला ती रोज दिसायची. घराच्या मधल्या खांबाला टेकून जमिनीवर बसलेली, एक हात कायम खांबावर. मी आधी समजले की आधारासाठी आहे.

एकदा आमची मीटिंग चालू होती आणि मागून म्हातारी म्हणाली, "आला. उठा." आवाज मोठा नाही, चहा झाला सांगावं तसा. वनिता फोन टाकून पोरीला उचलून बाहेर. आम्ही तिघं बघत राहिलो. मग तिच्याकडचं भांडं वाजलं, मग संदीपने वर पाहिलं, आणि मग आशागडला माझ्या कपातला चहा हलला. खांब जमिनीत खोल जातो, तिला हाताला आधी कळायचं. कसं ते मला माहीत नाही, पण ती एकदाही चुकली नाही.

तेव्हापासून आमची पद्धत पडली. कंपनीचा नियम की बोलत नसाल तर माईक बंद ठेवा. आमचा नियम की वनिताचा माईक कधीच बंद करायचा नाही. आला म्हटलं की उठायचं, कारण विचारायचं नाही, समोर कोणीही असो. एकदा पुण्याचे एक गृहस्थ तावातावाने सांगत होते की वॉशिंग मशीन चालू केलं की थरथरत पुढे सरकतं. तेवढ्यात आला. वनिताने जाता जाता त्यांना सांगितलं की दोन मिनिटं थांबा सर, इथे घरच सरकतंय. गृहस्थ थांबले. परत आल्यावर त्यांनी मशीनचं नावही काढलं नाही, एवढंच विचारलं, सगळे बरे आहात ना.

म्हातारीला आमची नावं पाठ होती. दुपारी जेवायची वेळ झाली की ती मागून वनिताला म्हणायची, त्या आशागडच्या बाईला सांग, पोरांना सोड आता जेवायला. साहेब कोण, टीम लीडर कोण, तिला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी आम्ही तिच्या घरात कामाला बसलेली माणसं होतो.

श्रावणात ती गेली. आजारी नव्हती, खांबाला टेकूनच गेली. आम्ही तिघं उधव्याला जाऊन आलो. तिला मी प्रत्यक्ष पाहिलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं. मला रडू आलं आणि माझंच मला नवल वाटलं, स्क्रीनवरच्या म्हातारीसाठी कोण एवढं रडतं. पंधरवड्याने वनिता कामावर बसली. मागे खांब होता, खांबाजवळची जागा सारवून मोकळी ठेवली होती. तिचा माईक उघडाच राहिला. बंद कर म्हणायचं कोणाच्याच तोंडी आलं नाही.

*

हा माझा स्वतःचा किस्सा, भुताखेतांवर विश्वास नसलेल्या बाईचा.

नवरा दिवसभर चिकूच्या वाडीत. मी घरात एकटी, कानाला हेडफोन, खिडकीपाशी. शेजारच्या काकूंनी बरेच दिवस बघितलं की ही बाई एकटीच बोलते. मध्येच गुजराती, मध्येच हिंदी, मध्येच हात जोडून माफी मागते, समोर तर कोणी नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला न सांगता भगताला आणलं. देवाचं बघणारा माणूस, वयस्कर, शांत. मी दार उघडलं तर दोघं उभे. हाकलणार होते, पण पाहुण्याला पाणी तर विचारायला हवं.

मी त्याला लॅपटॉप दाखवला, समजावून सांगितलं. त्यालाही मोबाईल माहीत होता, तो काही अडाणी नव्हता. काकू ओशाळल्या. भगत हसला, म्हणाला, बाईला काही झालेलं नाही, पण आलोच आहे तर तांदूळ बघतो. सुपात मूठभर तांदूळ टाकून त्याने विचारलं, यात बसता किती जणं? मी म्हटलं, चौघं. तो बोटाने दाणे बाजूला करत राहिला. मग म्हणाला, "पाच आहेत."

मी म्हटलं, साहेब कधीकधी येतात मीटिंगला, ते धरले असतील. त्याने मान हलवली. "साहेब बाहेरचा. पाचवं घरचं आहे."

निघताना तो काकूंना म्हणाला, घाबरू नका, त्रासाचं काही नाही, राखणीचं आहे. मी दार लावलं आणि स्क्रीनकडे न बघता आधी चहा टाकला.

*

आणि आता परवाची गोष्ट.

माझे फायदे देसाई सरांना पटले नाहीत. त्यांनी कळवलं, पहिल्या तारखेपासून सगळे वापीला. सूट फक्त एकाच कारणासाठी, घरात सांभाळायला म्हातारं किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर.

नितेश कुरकुरला, संदीप म्हणाला दोघं एका गाडीवर जाऊ. माझंही निभावलं असतं. प्रश्न वनिताचा होता. नवरा शिफ्टला, पोरगी चार वर्षांची, दुपारी अंगणवाडीतून घरी येते. वनिताने मला फोन केला. रडली नाही, ती रडणाऱ्यातली नाही. म्हणाली, "ताई, मी वापीला आणि इकडे धक्का आला, तर पोरीला बाहेर कोण काढणार? आई होत्या तेव्हाची गोष्ट वेगळी." नोकरी सोडली तर नव्या खोलीचे हप्ते आणि पोरीची शाळा, सगळंच अडणार होतं. मी सरांना परत लिहिलं. त्यांचं उत्तर, लहान मुलं सगळ्यांनाच असतात.

शेवटी मी मीटिंग मागितली. सर मुंबईहून स्क्रीनवर आले, आम्ही चौघं आपापल्या घरी. वेळ सकाळची. वनिता स्वतः बोलली, साधं आणि सरळ. पोरगी शेजारी चटईवर खेळत होती. सरांनी ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही तो. पण म्हणाले, मी एकाला सूट दिली तर उद्या दहा जण मागतील, माझाही नाइलाज आहे. वनिताने चटईवरच्या पोरीकडे बघितलं.

आणि तेवढ्यात आवाज आला. "आला. उठा."

मी विचार केला नाही. हेडफोन खेचून अंगणात. उन्हात उभी राहिले तेव्हा पायाखाली गुडगुड झाली आणि एक धक्का बसला, बरा मोठा. दारावरचं तोरण हललं. शेजारच्या काकू माझ्यामागून बाहेर आल्या. मी उभी होते आणि मनात म्हणत होते, चांगलं शिकलीय पोरगी, अगदी सासूसारखी बोलली.

परत आत आले. नितेश आला, संदीप आला. वनिता पोरीला कडेवर घेऊन आपल्या दारात उभी होती, घरात आली नव्हती. दारातूनच तिने विचारलं, "ताई, तुम्ही म्हणालात ना?"

मी नाही म्हटलं. नितेशने मान हलवली. संदीपनेही.

सर अजून होते. मुंबईला काही हललं नव्हतं, त्यांनी आमच्या चार रिकाम्या खुर्च्या तेवढ्या बघितल्या होत्या. चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता हे झापणार, मीटिंग सोडून पळालात म्हणून.

"वनिता," सर म्हणाले, "हे आधी सांगायचं ना. मी इथे आलो तेव्हापासून एकदाही बोलली नाहीस. असं माणूस घरात टाकून वापीला ये म्हणणारा मी कोण? तुझी परवानगी आत्ता पाठवतो."

वनिताने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पण मला एक कळत नाही," ते म्हणाले. "तुम्ही सगळे धावलात, त्या आजींना कोणी का नाही उचललं? सगळं हलत होतं आणि त्या खांबाला हात लावून बसूनच होत्या. उलट मलाच खूण करत होत्या, उठ म्हणून. पुढच्या वेळी आधी त्यांना बाहेर काढायचं, काय?"

मी वनिताकडे बघितलं. तिच्या मागे ऊन होतं, समोर खांब. तिने खांबाकडे बघितलं. मग उंबरा ओलांडून आत आली, पोरीला खांबाजवळ खाली बसवलं आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

"त्या उठायच्या नाहीत, सर," ती म्हणाली. "त्यांना तिथंच बरं वाटतं."